आधी ऊब, मग अग्नी

पूर्वी भरुकच्छात पिंगल राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने खाडीच्या तोंडाशी वसलेल्या करंजतीर नावाच्या नावाड्यांच्या गावात जन्म घेतला. राजा वर्षातून एकदा कर नेई आणि गावाला विसरून जाई. गावही राजाला विसरून जाई. गाव विसरत नसे ते फक्त समुद्राला.

त्या गावाची एक रीत होती. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की समुद्र जे मेलेले किनाऱ्यावर आणून टाकी, मग ते माणूस असो, मासा असो की कासव असो, त्याला सूर्य बुडायच्या आत अग्नी द्यायचा. नाही दिला तर समुद्र रागावतो आणि पाण्यावर असलेल्या माणसांतला एक ओढून नेतो, असे सारे मानत. अग्नी देण्याचा मान एकाच घराचा. त्या घरचा विस्तव पिढ्यान्‌पिढ्या विझलेला नव्हता. बोधिसत्त्व त्या घरचा मुलगा. त्याचे नाव सोमिल. वडील गेले तसा मान त्याच्याकडे आला आणि विस्तव राखायचे काम त्याच्या बायकोकडे. मान पुरुषाचा, आणि राखेत फुंकर मारून डोळे चोळायचे ते बाईने, ही वाटणी तेव्हाही होतीच.

बायकोचे नाव निंबा. आईने कडुनिंबाखाली तिला जन्म दिला म्हणून हे नाव ठेवले, आणि निंबाच्या जिभेने ते आयुष्यभर पाळले. बाई हाताला चलाख, पायाला चलाख. जात्यावर बसली की पीठ आधी आणि ओवी मागून. तिची गाठ पडली ती या नवऱ्याशी. भाकरी वाढली तर तो आधी भाकरीकडे बघे, मग तिच्याकडे बघे, मग हळूच म्हणे, "छान झाली आहे." तोवर भाकरी गार.

निंबाला एकच भाऊ होता, तिष्य. आई गेली तेव्हा तो रांगत होता. निंबाने त्याला कडेवर घेऊन वाढवला, पोहायला शिकवला, आणि आता तो शंख-शिंपल्यांसाठी पलीकडच्या तीराला जाणाऱ्या नावेवर होता.

आता त्या गावचे लोक नावा कधी ओढून ठेवीत, तर कासवांकडे बघून. आश्विन सरता सरता खाडीतली कासवे दक्षिणेच्या उबदार पाण्याकडे निघत. ती दिसेनाशी झाली की गाव म्हणे, चला, नावा वर घ्या. पण त्या वर्षी खाडीत शेवाळ दाट माजले होते आणि ऊन कोवळे होते. कासवे चरत राहिली. आज निघू, उद्या निघू. कासवे आहेत म्हणून नावाही जात राहिल्या, आणि तिष्याची नावही गेली. मग उत्तरेचा वारा असा अचानक कोसळला की दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या पाण्यात हात धरवेना.

किनाऱ्यावर कासवे येऊन पडली होती. कुणाची मान बाहेर लोंबलेली, कुणाचे डोळे अर्धे उघडे, पाठीवर कालवे चिकटलेली, पाय लाकडासारखे ताठ. गावकऱ्यांनी चटकन लाकडे रचली. निंबा खापरात विस्तव घेऊन आली. गावचा जेठा, म्हणजे मुखिया, काळसेन, ऐंशीच्या घरातला म्हातारा, काठी टेकीत पुढे झाला.

"हं, सोमिल, दे. दिवस लहान आहेत."

बोधिसत्त्व सर्वांत मोठ्या कासवाजवळ वाकला. त्या कासवाच्या पाठीच्या कडेला एक खाच होती, कुणा मोठ्या माशाने कधीकाळी चावा घेतल्यासारखी. त्याच्या नाकपुडीशी एक बारीक बुडबुडा आला आणि फुटला. बोधिसत्त्व दुसऱ्याची वाट पाहत बसला. दुसरा काही येईना.

"काय झालं?" काळसेन म्हणाला.

"मेलंय असं मला म्हणवत नाही, काका."

"मग जिवंत आहे म्हण."

"तेही म्हणवत नाही."

काळसेनाने कपाळावर हात मारून घेतला. "मेलेलं नाही, जिवंतही नाही, मग आहे तरी काय? पाहुणा आहे?"

लोक हसले. निंबाला मात्र हसू आले नाही. खापर हाताला चटके देत होते आणि नवरा वाळूत मांडी घालून बसला होता. "अहो, उठा ना," ती दबल्या आवाजात म्हणाली, "लोक बघतायत."

"बघू देत. बघितलं तर त्यांनाही कळेल."

"काय कळेल?"

"तेच मला अजून कळलेलं नाही."

सूर्य टेकला आणि बुडाला. करंजतीरच्या इतिहासात पहिल्यांदा रचलेली लाकडे तशीच राहिली. बायकांनी तोंडाला पदर लावले. शेजारीण साळिका, जिचा नवरा नुकताच किनाऱ्याला लागला होता आणि म्हणून जिला बोलायला काही धास्ती नव्हती, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने निंबाला म्हणाली, "बाई गं, तुझा तिष्य पाण्यावर आहे ना अजून?"

निंबाने तिच्याकडे असे पाहिले की साळिका दोन पावले मागे सरकली. पण बोललेले शब्द काही मागे सरकले नाहीत.

बोधिसत्त्वाने कासवे एकेक करून गाड्यावर घातली आणि आपल्या घरामागच्या नावेच्या पडवीत आणून ठेवली. तिथे निंबाची लाकडे होती, सुकत घातलेली जाळी होती, लोणच्याचे रांजण होते. ते सगळे उचलून तिने अंगणात ठेवले, आणि ठेवताना एकेका रांजणाला सांगितले, की बाबा रे, ज्या घरात बाईचा सल्ला कासवानंतर घेतात, त्या घरात तुला उघड्यावरच राहावं लागणार.

बोधिसत्त्व ऐकत होता. "रांजण मी उचलले असते," तो म्हणाला.

"तुम्ही उचलले असते तोवर लोणचं मुरून संपलं असतं."

दुसऱ्या दिवशी गावच्या काही तरण्या पोरांनी ठरवले, कासव जिवंत असेल तर त्याचे घर समुद्र, आणि मेलेले असेल तरी घर समुद्रच. त्यांनी पडवीतले एक कासव उचलून मोठे पुण्य केल्यासारखे पाण्यात सोडले. टाळ्या पिटल्या. ते दगडासारखे खाली गेले, आणि भरतीबरोबर उताणे होऊन परत आले. आता त्याच्याविषयी कुणाला शंका घ्यायचे कारण उरले नव्हते. बोधिसत्त्वाने ते पाहिले आणि एवढेच म्हणाला, "गार पाण्याने जो गारठला, त्याला गार पाण्यात सोडून चालत नाही."

निंबाने मनात म्हटले, म्हणजे ऊब पाहिजे. एवढी साधी गोष्ट. हा माणूस बसून राहणार, आणि माझा भाऊ पाण्यावर. तिने एक लहानसे कासव उचलले, चुलीपुढे ठेवले आणि ढणढणीत जाळ केला. एकदाचे काय ते ठरू दे. थोड्या वेळाने कासवाने पाय झाडले. निंबा आनंदाने ओरडली, "अहो, या! या तरी! उठलं!" कासवाने पुन्हा पाय झाडले, मान ताणली, तोंड उघडले, आणि मग ते असे सैल पडले की निंबाला हात लावूनही पाहायची गरज वाटली नाही.

बोधिसत्त्व दारात उभा होता. त्याने कासव उचलले, पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर नेले. पाण्यातून परत आलेल्या कासवाशेजारी त्याने ते लाकडांवर ठेवले, सूर्य बुडायच्या आत दोघांना अग्नी दिला आणि घरी आला.

"ओरडा ना माझ्यावर," निंबा म्हणाली.

"तू घाई केलीस. पण ऊब द्यायची हे तुझंच खरं होतं. मला ते सुचलं नव्हतं." आणि त्याने तिथेच बसून विचार केला. "बाहेर गोठलेला माणूस आत आला तर आपण त्याला चुलीत घालत नाही. आधी वाऱ्याआड घेतो."

ओरडला असता तर बरे झाले असते असे निंबाला वाटले. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येते.

मग त्यांनी पडवीच्या फटी गवताने बुजवल्या. कासवांखाली वाळके शेवाळ अंथरले, वर घोंगड्या टाकल्या, आणि चूल शेजारच्या खोलीत पेटवून मधले दार थोडेसेच उघडे ठेवले. रोज दार थोडे जास्त उघडायचे. कासवांचे डोळे ओल्या कापडाने पुसायचे, कूस बदलायची. हे काम निंबावर आले, कारण बोधिसत्त्व पुसायला बसला की एका कासवापाशीच रमे. पडवीला असा वास सुटला की मांजरे येत, दारापाशी थांबत आणि विचार बदलून परत जात.

"यांच्यासाठी माझ्या सासूची घोंगडी गेली," निंबा खाचवाल्या म्हाताऱ्याला पुसत म्हणे. "तू तरी काही बोल रे बाबा. हो म्हण, नाही म्हण. मेलास तर मेलो म्हण."

म्हातारे कासव काही म्हणत नसे.

बाकीच्या नावा परतल्या. तिष्याची आली नाही. वारा वाढला. गावात कुजबुज होती ती आता उघड बोलणे झाली. एका दुपारी बोधिसत्त्व किनाऱ्याने आणखी कासवे पडली आहेत का ते पाहायला गेला होता. काळसेन, साळिका आणि दहा-पंधरा माणसे निंबाच्या अंगणात आली. येतानाच त्यांनी लाकडे आणली होती.

काळसेन ओट्यावर बसला. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "निंबे, तुझा नवरा भला माणूस आहे. पण भलेपणाची किंमत दुसऱ्याच्या पोरानं द्यायची का? समुद्र थांबलाय तो तिष्याकडे बघत. विस्तव तू राखतेस. नवरा देत नसेल तर तू दे. मी जेठा म्हणून सांगतो, आजच्यापुरतं चालेल."

निंबाने वाद घातला नाही. खरे सांगायचे तर ती याचीच वाट पाहत होती. तिने चुलीतला विस्तव खापरात घेतला. माणसांनी पडवीतून म्हाताऱ्या कासवाला ओढत आणून लाकडांवर चढवले. चार जणांना घाम फुटला. निंबा खापर घेऊन कासवाच्या डोक्याशी आली. तिच्या डोळ्यांपुढे कासव नव्हते, वाळूत पहिले पाऊल टाकणारा तिष्य होता.

तेवढ्यात अगदी जवळ कुणीतरी लांब, जड उसासा टाकला. अगदी तिचा नवरा टाकी तसा.

"आता उसासे टाकू नका," निंबा मागे न वळताच कडाडली. "तुमच्या थांबण्यापायी ही वेळ आली आहे. माझा भाऊ आहे तो, तुमचा नाही!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. साळिका म्हणाली, "अगं, सोमिल तर किनाऱ्यावर गेलाय."

निंबाने वळून पाहिले. मागे कुणी नव्हते. तिने पुढे पाहिले. कासवाच्या नाकपुडीपुढे लाकडावर खापरातली राख पडली होती, ती उडून त्याच्याच नाकाला चिकटली होती.

"श्वास घेतला यानं," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता."

"पुन्हा घ्यायला सांग," साळिका म्हणाली.

सगळे बघत राहिले. कासव हलले नाही. एकाने पाय बदलला, एकाने जांभई दिली, एक म्हणाला की वारा असेल, दुसरा म्हणाला की बाईला भास झाला असेल, तिसऱ्याने विचारले की किती वेळ उभे राहायचे. निंबाचे मस्तक फिरले.

"गप्प बसा जरा!" ती ओरडली. "एवढीशी कळ काढवत नाही तुम्हाला? याला काय तुमच्यासारखा धापा टाकायचा सोस आहे?"

बोलून झाल्यावर तिला कळले की हे शब्द कुणाच्या तोंडचे आहेत. तिला अधिकच संताप आला, आता स्वतःचा.

काळसेन उठून जवळ आला. "निंबे," तो हलकेच म्हणाला, "सूर्य बुडतोय. तिष्य."

एका बाजूला भाऊ, एका बाजूला हे बोजड, कुजकट वासाचे, कुणाचे कुणी नसलेले जनावर, ज्याने फक्त एकदा उसासा टाकला होता. आणि तो तिने ऐकला होता. न ऐकल्यासारखे करणे तिला जमेना. तिने विस्तवावर राख ओढली, खापर पदराखाली घेतले आणि म्हणाली, "जिवंताला मी जाळणार नाही. समुद्राला काय हवं ते माझ्याकडून मागू दे." मग ती घरात गेली आणि इतकी रडली की भाकऱ्या करायच्या राहिल्या. संध्याकाळी बोधिसत्त्व आला, त्याने एकट्याने कासव लाकडांवरून घसरवत पडवीत नेले, घोंगडी पांघरली आणि नाचणीची पेज स्वतः शिजवली. ती करपली. निंबाने मुकाट खाल्ली.

सकाळी खाडीच्या तोंडाशी तिष्याची नाव फुटली.

नावेवरचे दोघे पोहत बाहेर आले. तिष्य सर्वांत शेवटी आला, पण पोहत नव्हे. लाटेने त्याला आणून वाळूवर ठेवले. ओठ निळे, हातपाय ताठ, डोळे अर्धे उघडे. छातीला कान लावला तर काही ऐकू येईना. गाव जमले. कुणी "बघितलंस?" म्हणाले नाही. म्हणायची गरजच नव्हती. साळिकाच्या डोळ्यांतूनसुद्धा पाणी वाहत होते. काळसेनाने टोपले भरून गोवऱ्या आणवल्या. "सोमिल," तो म्हणाला, "याला तरी थांबवू नको. दे."

बोधिसत्त्व निंबाकडे पाहत होता.

निंबा भावाजवळ बसली होती. तिने त्याच्या गालाला हात लावला. मग पायांना लावला. मग वर पाहिले. "याला मेलेला कोण म्हणतं?"

"अगं पोरी, हात लावून बघ. थंडगार पडलाय."

"कासवंही थंडगारच होती."

"हे कासव नाही, माणूस आहे!"

"मग याला कासवाइतकी तरी कळ काढा!" निंबा उभी राहिली. तिचा आवाज किनारभर गेला. "उचला. पडवीत. हळू उचला, धोंडा नाही तो. अहो, बघत काय बसलात, घोंगड्या काढा म्हाताऱ्यावरच्या!"

बोधिसत्त्व त्या दिवशी धावला. करंजतीरमध्ये त्याला धावताना कुणी पाहिले नव्हते.

त्यांनी तिष्याचे ओले कपडे काढले, अंग पुसले, घोंगड्यांत गुंडाळले आणि कासवांच्या मधोमध शेवाळावर निजवले. साळिका धावत कढत पाण्याचा हंडा घेऊन आली. निंबाने हंडा दारातच अडवला. "कढत नको. चुलीपुढेही न्यायचं नाही." लहानसे कासव तिच्या डोळ्यांपुढे होते. ती स्वतः घोंगडीत शिरली आणि लहानपणी घेई तसे भावाला पोटाशी घेऊन पडून राहिली. बोधिसत्त्वाने कोंबडीचे पीस त्याच्या नाकाशी धरले आणि मांडी घातली.

दुपार झाली. पीस हलले नाही. दाराशी गाव उभे होते. काळसेन दर थोड्या वेळाने सूर्याकडे बघे आणि घसा खाकरे. "निंबे, अजून किती?"

"जितक्यांदा विचाराल, तितकं आणखी."

सूर्य बुडाला. अग्नी दिला गेला नाही. एकेक जण मान हलवत घरी निघाला. त्या अंधुक उजेडात बोधिसत्त्वाच्या बोटांतले पीस एका बाजूला कलले आणि पुन्हा सरळ झाले. दुसऱ्यांदा कललेले पाहिल्यावरच त्याने निंबाला हाक मारली. या खेपेला निंबाने त्याच्या उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुष्कळ वेळाने तिष्याच्या पापण्या हलल्या. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर म्हाताऱ्या कासवाचे तोंड होते.

"अक्का," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हा वास कसला?"

निंबाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला इतके घट्ट धरले की बोधिसत्त्वाला म्हणावे लागले, "अगं, त्याला श्वास घेऊ दे."

पडवीतला आवाज ऐकून घरी गेलेले लोक परत आले. काळसेन आत आला. तिष्याने त्याला ओळखून हात जोडले. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि काठी सोडून तिथेच जमिनीवर बसला. मग बोधिसत्त्वाकडे न बघता त्याने विचारले, "सोमिल, मी लहान होतो तेव्हा माझा बाप असाच आला होता. माघातल्या वाऱ्यात. दुपारी आला, आणि आम्ही सूर्य बुडायच्या आत..."

ज्यांच्या ज्यांच्या घरचे कुणी समुद्राने आणून दिले होते, ते सारे बोधिसत्त्वाच्या तोंडाकडे पाहत होते. हो म्हणावे तर म्हातारा त्या एका शब्दाने मरेल. नाही म्हणावे तर खोटे होईल.

बोधिसत्त्व त्याच्याजवळ जाऊन बसला. "काका, मला माहीत नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही बापाला अग्नी देऊ दिलात तो त्याच्यावरच्या मायेनं देऊ दिलात. आज आपल्याला थोडं जास्त कळलंय. तेवढं इथून पुढच्यांना देऊ."

काळसेनाने मान हलवली. मग तो जेठा म्हणून उभा राहिला आणि त्याने गावाला नवी रीत सांगितली: समुद्र जे आणून टाकील त्याला आधी ऊब, मग अग्नी. हळूहळू ऊब द्यायची, आणि अंग उबेला येऊनही प्राण परतला नाही तरच लाकडे रचायची. सूर्य बुडाला तर बुडू द्यायचा, तो उद्या पुन्हा येतो.

पुढे थंडी ओसरू लागली तशी कासवेही हलू लागली. एके दिवशी निंबा डोळे पुसत असताना म्हाताऱ्या कासवाने तोंड उघडले आणि म्हटले, "आम्ही..."

निंबा हातातले कापड तसेच धरून बसली. कासवाने डोळे मिटले. दुपारपर्यंत त्याने पुढचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मेलो..." निंबा घाबरली. तिने नवऱ्याला बोलावले, भावाला बोलावले, सगळे भोवती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दळण दळताना तिला पडवीतून ऐकू आले, "नव्हतो."

"ते कळलं आम्हाला!" निंबा जात्यावरून ओरडली. "महिना झाला कळून!"

पण ऊन तापले तसे म्हाताऱ्याच्या बोलण्याला वेग आला, म्हणजे कासवाच्या मानाने. तिष्याच्या पायांत अजून ताकद नव्हती, तेव्हा तो त्याच्याजवळ बसून ऐके. कासवाने सांगितले, की आमच्यातली शहाणी असतात ती वारा फिरण्याआधी सूर्याच्या मागोमाग उबदार पाण्यात जातात. काही जण तळच्या चिखलात अंग रुतवून निजतात. एकच श्वास पुरवून पुरवून वापरतात, आणि काळीज एकदा वाजले की दुसऱ्यांदा वाजायची घाई करीत नाही. आणि माझ्यासारखी हावरी शेवाळापायी अडकतात. थंडीने हातपाय जातात, डोळे उघडे राहतात, सगळे ऐकू येते, पण ओ देता येत नाही.

"सगळं ऐकू येतं?" निंबाने दचकून विचारले. तिला आपण पडवीत काय काय बोललो ते आठवू लागले.

"सगळं," कासव म्हणाले. "लोणच्याचं दुःख... मला... फार झालं."

वसंत लागला. दक्षिणेचा वारा सुटला. जगलेली कासवे गावाने मिळून किनाऱ्यावर नेली. बाकीची पाण्यात शिरली, तरी म्हातारे अजून वाळूतच होते. एक पाय टाकायचे आणि थांबायचे. निंबा मागून चालत होती. "उरका, आजोबा! भरती ओसरेल! तो बघा, खेकडा पुढे गेला!" बोधिसत्त्व मागे उभा राहून हसत होता. पाणी पाठीवर आले तेव्हा कासवाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

हलत नाही म्हणून मेला म्हणू नये,
दार लागले म्हणून घर ओस म्हणू नये;
उंबऱ्याशी थोडा वेळ जो बसून राहील,
आतली ओ त्याच्याच कानी येईल.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात एका भिक्षूला सांगितली. त्याच्याकडे एका आजारी, वृद्ध स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, सेवा होती. स्थविरांना पेजेची एक वाटी संपवायला सकाळपासून मध्यान्ह होई, आणि काही विचारले तर उत्तर येईपर्यंत विचारणारा प्रश्नच विसरून जाई. त्या दिवशी भिक्षूने वाटी आपटली होती आणि तो म्हणाला होता, "भंते, यांच्यात आता काही उरलेलं नाही. माझ्याने होत नाही."

कथा संपवून शास्त्यांनी नाती उलगडली. त्या वेळचा तिष्य तो आता आनंद. काळसेन आणि करंजतीरचे लोक म्हणजे समोर बसलेली ही परिषद. सोमिल तो मी. "आणि भिक्षू, तेव्हाचं ते खाचेचं कासव म्हणजे हे स्थविर. त्यांना सगळं ऐकू येतं."

"आणि निंबा, भंते?" भिक्षूने विचारले.

शास्ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. भिक्षूला थोडा वेळ लागला. मग तो खाली मान घालून उठला, वाटी धुऊन पुन्हा पेज भरून आणली आणि स्थविरांच्या उशाशी बसला. पेज निवत गेली. ऊन अंगणातून सरकत गेले. स्थविरांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिले आणि ओठ हलवले, "आलास..." आणि पुढचा शब्द यायची वाट भिक्षू पाहत बसला.

अशा कळ काढण्याला क्षांती म्हणतात.